ग्रेज ॲनाटॉमी: एलिसने मेरेडिथला आजार लपवायला लावला, ते तुम्हाला पटतं का? (स्पॉयलर आहेत)

सांजवेळ

ग्रेज ॲनाटॉमी, ती हॉस्पिटलमधल्या सर्जनांची अमेरिकन मालिका, पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलीय. ह्यावेळी मेरेडिथ आणि डेरेकचं प्रेमप्रकरण वगैरे सगळं बाजूला पडलं आणि मन एकाच गोष्टीत अडकलं, की ह्या मालिकेत प्रत्येकाच्या घरात काहीतरी झाकून ठेवलेलं आहे आणि ते झाकायची जबाबदारी बहुतेक वेळा घरातल्या लहान माणसावर टाकलेली आहे.

2005 चा अगदी पहिला एपिसोड घ्या. जो तो मेरेडिथला एलिस ग्रेची मुलगी म्हणून ओळखतो, एवढी मोठी सर्जन, आणि आपल्यालाही वाटतं की बाई कुठेतरी कामात असणार. मग 48 तासांची पहिली शिफ्ट संपवून मेरेडिथ जाते ती नर्सिंग होममध्ये आणि आई तिला ओळखतच नाही, तू डॉक्टर आहेस का म्हणून विचारते. कमी वयात अल्झायमर झालाय आणि आईनेच बजावलंय की कुणाला कळता कामा नये. पोरगी इंटर्न म्हणून नवीन, झोप नाही, आणि कुणी आईबद्दल विचारलं की थापा मारायच्या. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला एलिसलाच त्या हॉस्पिटलमध्ये आणावं लागतं तेव्हा सगळं उघडं पडतं, आणि मला तर तो एपिसोड बघताना सुटल्यासारखं वाटलं, म्हणजे मेरेडिथसाठी.

पुढे कळतं की हे तेव्हाच सुरू झालेलं नाही. ती पाच वर्षांची असताना एलिसने स्वयंपाकघरात मनगट कापून घेतलं होतं आणि पोरीला सांगितलं होतं की फोन करू नकोस. पाच वर्षांची! ती तिथे रक्तात बसून वाट बघते. म्हणजे आईचं गुपित सांभाळायचं ट्रेनिंग तेव्हापासूनचं.

माझा प्रश्न असा आहे की आजार एलिसचा, नाव तिचं, तर तो कुणाला सांगायचा हे ठरवायचा हक्क तिचाच, हे मला मान्य आहे. पण जिला ते लपवायचंय तिच्या आयुष्याचं काय? तिला कुणाकडे तरी बोलायचा हक्क नाही का?

खरं कारण पण सांगते. माझ्या मावशीला मागच्या वर्षी डिमेन्शियाचं निदान झालं, साठीसुद्धा झाली नव्हती. ती शाळेत शिकवायची, गावात मान आहे. तिने मावसबहिणीकडून शब्द घेतलाय की नातेवाईकांत, शाळेत, सोसायटीत कुठेही बोलायचं नाही. मला बहिणीने एका रात्री फोनवर रडत सांगितलं म्हणून कळलं. आता मावशी रिक्षात बसली की पत्ता विसरते आणि बहीण सगळ्यांना सांगते की आईला शुगरमुळे चक्कर येते. मी मालिका बघते आणि मला सारखी तीच दिसते.

अवधूत_सातारा

मी एलिसच्या बाजूने बोलणार आहे, कारण तिच्या बाजूने कुणी बोलतच नाही राव.

ती बाई सर्जरीत आली तो काळ बघा. सगळे पुरुष, तिच्याबरोबरचा रिचर्ड वेबर काळा म्हणून बाजूला काढलेला आणि ही बाई म्हणून बाजूला काढलेली, त्यातूनच ते दोघं जवळ आले. नवरा, संसार, मैत्री, सगळं हातातून गेलं आणि उरलं फक्त नाव. तिच्या नावाची ऑपरेशनची पद्धत, ग्रे मेथड, आणि दोन वेळा हार्पर एव्हरी, म्हणजे मालिकेतलं सर्जरीचं मोठं अवॉर्ड. आता सर्जनचा मेंदू गेला हे बाहेर पडलं तर लोक पहिला प्रश्न काय विचारतील? की हिने शेवटची ऑपरेशनं केली तेव्हा हिला आठवत होतं का? आयुष्यभराच्या कामावर संशय. तुमच्या मावशींना पण तेच वाटत असणार, की उद्या जुने विद्यार्थी भेटले तर ते कीव करतील. बाई म्हणून, शिक्षिका म्हणून जे उभं केलं ते शेवटपर्यंत तसंच राहावं असं वाटण्यात चूक काय आहे?

फक्त तिसऱ्या सीझनमधला तो एक दिवस, जेव्हा एलिसला अचानक सगळं स्वच्छ आठवतं, तो मला पचला नाही. मुलीने एवढं केलं आणि शुद्धीवर आल्यावर आई काय बोलते, तर तू सामान्य झालीस. तिथे मीपण तिची बाजू सोडली.

मीनल_लीड्स

सांजवेळ, मी इथे इंग्लंडमध्ये डिमेन्शिया वॉर्डला नर्स आहे, आणि तुमच्या मावसबहिणीसारख्या मुली मी रोज बघते, गोऱ्या, पंजाबी, पाकिस्तानी, सगळ्या, त्यामुळे हे फक्त आपल्याकडचं आहे असं मनात आणू नका.

अवधूत म्हणतात ते पेशंटच्या बाजूने बरोबर आहे, पण ह्यात एक गोष्ट राहून जाते. गुपित ठेवल्याने पेशंटचा मान राहतो असं वाटतं आणि प्रत्यक्षात पेशंट एकटा पडतो. एलिसला भेटायला कोण येतं ते आठवून बघा. मेरेडिथ, आणि नंतर रिचर्ड, तोही चोरून. एवढ्या वर्षांच्या कलीग, विद्यार्थी, कुणीच नाही, कारण कुणाला माहीतच नाही. सुरुवातीच्या काळात ह्या लोकांना ओळखीची माणसं, ओळखीच्या गप्पा, जुनं काम ह्याचा खूप आधार असतो, आमच्याकडे एक रिटायर्ड प्लंबर आजोबा होते ते त्यांचा जुना पार्टनर आला की अख्खी दुपार शांत असायचे, जेवायचे पण नीट. मावशी शिक्षिका आहेत ना, तर त्यांच्या दोन विद्यार्थिनी आठवड्यातून एकदा येऊन बसल्या तर त्यांना काय कमीपणा येणार आहे?

आणि दुसरं, सुरक्षेचं. रिक्षात पत्ता विसरतात म्हणालात. उद्या त्या घराबाहेर पडल्या आणि हरवल्या तर वॉचमनला, खालच्या दुकानदाराला, शेजारच्यांना माहीत असायलाच पाहिजे. त्यांनी "काकू, चला घरी" म्हणून आणून सोडलं पाहिजे. शुगरची चक्कर सांगितली तर लोक साखर खायला देतील आणि सोडून देतील!

बहिणीला सांगा की कुणाला सांगायचं ह्याची एक छोटी यादी कर, गावभर सांगायची गरज नाही. आणि त्या यादीत तिची स्वतःची एक मैत्रीण असलीच पाहिजे, जी मावशींसाठी नसेल, फक्त हिच्यासाठी.

कागदपत्रं पण लवकर करा. इथे लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी असते, म्हणजे आपल्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, ती माणसाला समजतंय तोवरच करता येते, आणि केलेली असली की समज गेल्यावरही चालते. मेरेडिथ आईचे निर्णय घेते तेही अमेरिकेतल्या अशाच सोयीवर. भारतात कसं आहे मला नक्की सांगता येणार नाही, इथे कुणीतरी असेल.

विभा_ठाणे

मी आहे. बँकेतून रिटायर झालेय, हे प्रकरण टेबलावर अनेकदा आलंय.

आपल्याकडे घरचे निर्धास्त असतात की मुलीच्या नावाने पॉवर ऑफ ॲटर्नी केलीय, झालं. पण इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 201 प्रमाणे ज्याने अधिकार दिला त्याची मनाची क्षमता गेली की तो अधिकारच संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला नेमक्या त्याच दिवशी तो कामाचा राहत नाही. मग कोर्टातून गार्डियनशिप, वकील, हेलपाटे. म्हणून मावशींना समजतंय तोवर खाती जॉइंट करा, "आयदर ऑर सर्व्हायव्हर" घ्या, म्हणजे दोघींपैकी कुणीही एकटीने खातं चालवू शकते, नॉमिनेशन सगळीकडे बघून घ्या, मृत्युपत्र करा आणि त्यासोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा की सही करताना त्या शुद्धीत होत्या. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट 2017 मध्ये उपचारांपुरता नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे आपल्या वतीने बोलणारा माणूस, नेमता येतो, त्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आणि ह्यातलं एकही काम आजार लपवून होत नाही. निदान बँक, वकील आणि डॉक्टर ह्या तिघांना खरं सांगावंच लागतं. मालिकेबद्दल मला फार माहीत नाही, मुलगी बघायची तेव्हा कानावर पडायचं तेवढंच, पण हे वाचून राहवलं नाही.

कोरा_कागद

मला मॅगीबद्दल बोलायचंय. दहाव्या सीझनच्या शेवटी कळतं ना, की एलिसला आणखी एक मुलगी होती, रिचर्डपासून झालेली, आणि ती जन्मताच दत्तक दिली होती. मेरेडिथला स्वतःच्या आईच्या पोटात बाळ होतं हे आठवतच नसतं. मग अकराव्या सीझनमध्ये ती डायऱ्या आणि आठवणी जोडत जाते आणि तिला उमगतं की स्वयंपाकघरातला तो प्रसंग झाला तेव्हा एलिस गरोदर होती. तो एपिसोड मी एकटीने बघितला, कुणाबरोबर बघताच आला नसता.

आमची मुलगी दत्तक आहे. ती आता अकरावीत आहे आणि तिला कळायला लागल्यापासून माहीत आहे, आम्ही ते कधी "सांगितलं" असं झालंच नाही, घरात ते होतंच. सासूबाईंचा फार विरोध होता, त्यांचं म्हणणं पोरीला कशाला त्रास, लोकांना कशाला विषय. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्या काळात सगळे असंच करायचे. पण मॅगीकडे बघा, तिच्या घरच्यांनी तिला दत्तक असल्याचं लपवलेलं नव्हतं, म्हणून ती स्वतःच्या पायावर उभी अशी त्या हॉस्पिटलात येते. तिला खरा धक्का बसतो तो रिचर्डचा. तिने त्याच्या तोंडावर सांगितलं की माझी जन्मदात्री एलिस ग्रे, त्याला त्याच क्षणी कळलं की ही माझी मुलगी, आणि तरी तो गप्प. दिवसचे दिवस तिच्याबरोबर काम करतो, गप्पा मारतो, कौतुक करतो, आणि गप्प. तिचा राग मला शंभर टक्के पटला. तुमच्याबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट समोरच्याला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, आणि तो रोज तुमच्याशी हसून बोलतोय, ह्याच्यासारखं अपमानास्पद काही नसतं.

सांजवेळ, तुमच्या मावशींच्या बाबतीत पण हे बघा, की उद्या बाकीच्या बहिणभावांना कळेल तेव्हा त्यांना आजाराचं दुःख होईलच, पण राग ह्याचा येईल की आपल्याला परकं केलं. आणि तो राग निघणार तुमच्या मावसबहिणीवर.

झेंडूची_फुलं

+१ कोरा_कागद, शेवटचं वाक्य अगदी अगदी. आमच्या आजोबांच्या वेळी हेच झालं, काका अजून बाबांशी बोलत नाहीत.

डॉ_निशिगंध

मॅगीचा विषय निघाला म्हणून, तेराव्या सीझनमध्ये तिची आई, म्हणजे दत्तक घेतलेली आई डायन, हॉस्पिटलला येते तो भाग कुणी काढला नाही अजून. तिला स्तनाचा कॅन्सर असतो, इन्फ्लमेटरी प्रकारचा, आणि ती मॅगीबरोबर काम करणाऱ्या डॉक्टर जॅक्सनला पेशंट म्हणून दाखवते पण मॅगीला सांगायचं नाही म्हणते. मॅगी त्याच हॉस्पिटलात हार्ट सर्जन! जॅक्सन गोपनीयतेने बांधलेला, रोज मॅगीसमोर उभा राहतो आणि बोलू शकत नाही. डॉक्टर म्हणून सांगते, तो अवघडलेपणा खरा आहे. लेखकांनी तिथे काही वाढवून दाखवलेलं नाही.

आमच्याकडे बहुतेक वेळा उलटं असतं. पेशंट आत तपासणीच्या टेबलावर आणि मुलगा किंवा जावई केबिनच्या दारात अडवून हळूच म्हणतो, मॅडम त्यांना कॅन्सर शब्द सांगू नका, गाठ आहे म्हणा. म्हणजे तिथे पेशंट घरच्यांपासून लपवतो आणि इथे घरचे पेशंटपासून. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेत लिहिलंय की आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, आणि पेशंट, नातेवाईक किंवा जबाबदार मित्र ह्यांना हिताचं असेल तेवढं माहीत असेल हे बघावं. त्या वाक्यात नातेवाईकांना जागा ठेवलेली आहे, आणि त्याच जागेतून "सांगू नका" आत शिरतं. मी आता पेशंटलाच विचारते, की तुम्हाला किती जाणून घ्यायचंय आणि तुमच्याबरोबर कुणाला सांगू. बहुतेकांना आधीच अंदाज असतो. आजी म्हणतात, मला माहितीय गं, पण पोराला सांगू नको की मला माहितीय. दोघंही एकमेकांना जपतात आणि दोघंही एकेकटे राहतात.

अवधूत, तुमचा मुद्दा मी मानते. एलिसला तिचा आजार खाजगी ठेवायचा पूर्ण हक्क होता. पण खाजगी ठेवणं म्हणजे मी माझ्याबद्दल बोलणार नाही. मुलीने रोज खोटं बोलावं ही त्याच्यापुढची मागणी झाली, आणि ती करायचा हक्क मला तरी दिसत नाही.

अवधूत_सातारा

डॉक्टर, हे पटलं. मी ह्या दोन गोष्टी एकच धरून चाललो होतो.

पण मग मला सांगा, सातव्या सीझनमध्ये मेरेडिथ जे करते त्याचं काय? तिचा नवरा डेरेक, त्याची अल्झायमरच्या औषधाची ट्रायल चालू असते, रिचर्डची बायको ॲडेल तिच्यात असते, आणि ॲडेलला खरं औषध नाही, प्लासिबो (नुसतं दिखाऊ औषध) मिळणार हे कळल्यावर मेरेडिथ कुणाला काय द्यायचं ते ठरवणारा लिफाफा बदलते. आई गेली तशी ॲडेल जाऊ नये म्हणून. मी तेव्हा तिच्या बाजूने होतो, अजूनही मनातून आहे. मग तिच्याबरोबरचा डॉक्टर ॲलेक्स सांगून टाकतो, तिची नोकरी जाते, त्यांनी दत्तक घ्यायची ठरवलेली झोला घरी यायची असते ते लांबतं, आणि आठव्या सीझनच्या सुरुवातीला रिचर्ड सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन चीफची खुर्ची सोडतो. म्हणजे ते पण खोटंच, घरच्यांसाठी सांगितलेलं. ते चांगलं की वाईट?

डॉ_निशिगंध

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करणारं गुपित तेच. डबल ब्लाइंड ट्रायलमध्ये कुणाला औषध आणि कुणाला प्लासिबो हे डॉक्टरलाही माहीत नसतं, कारण माहीत असलं की बघण्याची नजर बदलते. एक लिफाफा बदलला की अख्ख्या ट्रायलचे आकडे संशयात येतात, आणि त्यातल्या प्रत्येक पेशंटने घेतलेला धोका वाया जातो. त्यांच्या घरीही कुणाची तरी आई विसरत चाललेली असते, फक्त मेरेडिथ त्यांना ओळखत नाही. मला तिची कणव येते, पण ॲलेक्सने सांगितलं ते बरोबर केलं. रिचर्डने अंगावर घेतलं ते प्रेमाने, पण त्याने ट्रायल काही परत स्वच्छ झाली नाही.

मीनल_लीड्स

ॲलेक्सचं आणखी एक, त्याच्या आईला स्किझोफ्रेनिया होता आणि लहानपणापासून घर तोच सांभाळायचा. म्हणून मेरेडिथचं कोण समजू शकतं तर तोच, आणि तरी त्याने सांगितलं. मला तो तेव्हा फार आवडला नव्हता, आता आवडतो.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. विभाताई, तुमचा प्रतिसाद मी जसाच्या तसा बहिणीला पाठवला. तिला पॉवर ऑफ ॲटर्नीचं काहीच माहीत नव्हतं, कागद करून ठेवला होता आणि ती निश्चिंत होती. शनिवारी वकिलांकडे जातायत, मावशीला घेऊन.

मावशीशी पण बोलणं झालं, बहिणीनेच केलं, मी फक्त शेजारी बसले होते. तिने मावशीला सांगितलं की आई, मी लोकांशी खोटं बोलणार नाही, कुणी विचारलं तर म्हणेन की ते आईला विचारा. मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, वॉचमनला सांग आणि शाळेतल्या देशपांडेबाईंना सांग, बाकी कुणाला नको. एवढंच सध्या.

डॉक्टर, एक शेवटचं विचारते. नवव्या सीझनमध्ये मेरेडिथ जीनची टेस्ट करते आणि तिच्यात अल्झायमरचे मार्कर, म्हणजे धोका दाखवणाऱ्या खुणा, निघतात. मग एकोणिसाव्या सीझनमध्ये झोलाला पॅनिक अटॅक यायला लागतात कारण तिला भीती असते की आता आईचंही तसंच होणार. झोला दत्तक, तिला रक्ताने काही धोका नाही, आणि तरी भीती तिच्यापर्यंत पोचते. हे बघितल्यापासून माझी बहीण विचारतेय की तिने टेस्ट करावी का. मावशीचं वय कमी म्हणून.

डॉ_निशिगंध

आधी टेस्ट नको, आधी न्यूरॉलॉजिस्ट आणि जेनेटिक काउन्सेलर. मालिकेत हे फार पटकन उरकलंय.

कमी वयात, म्हणजे 65 च्या आत अल्झायमर झाला की तो आनुवंशिकच असतो असं नाही. थेट आईवडिलांकडून उतरणारा प्रकार तीन जीन्समुळे होतो, एपीपी, पीएसईएन 1 आणि पीएसईएन 2. त्यात प्रत्येक मुलाला जीन मिळायची शक्यता 50 टक्के असते, पण अशी कुटुंबं फार थोडी. दुसरा एपीओई 4, तो फक्त धोका वाढवतो. तो असून कधीच आजार न होणारे लोक आहेत आणि तो नसताना आजार झालेलेही आहेत. आणि मावशींचं निदान अल्झायमरचंच आहे का दुसऱ्या डिमेन्शियाचं, हे आधी कागदावर बघून घ्या.

टेस्ट करायचीच झाली तर सुरुवात साधारणपणे मावशींपासून करतात, मुलीपासून नाही. त्यांच्यात ते जीन सापडलं तरच बहिणीच्या टेस्टला अर्थ आहे. म्हणजे मावशींची संमती लागेल, आणि निकाल कळला तर तो कुणाकुणाला सांगायचा हे रक्त द्यायच्या आधी दोघींनी बसून ठरवायचं. मावशींचे सख्खे भाऊबहीण आहेत ना? त्यांचाही त्यात संबंध येतो.